संक्रांतीच्या वड्या कडवट झाल्या. तीळ कोणते घ्यावेत? (ग्वाल्हेर)

लष्करची_सून

ग्वाल्हेरच्या मंडळींना विचारायचं आहे. या संक्रांतीला माझ्या तिळाच्या वड्या कडवट झाल्या. एकवीस वर्षं दर संक्रांतीला मीच करते, असं कधी झालं नव्हतं. पाक बरोबर होता. पाण्यात टाकलेली गोळी ताटलीवर टणकन वाजली, वड्याही सुरेख पडल्या. पण चावल्यावर पहिल्यांदा गोड आणि मागून जिभेच्या मुळाशी कडू. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी अर्धी वडी ताटलीत तशीच ठेवली, तेवढ्याने मला कळलं.

यंदा एकच गोष्ट बदलली. आधी आम्ही दाल बाजारातून सुटे तीळ आणायचो, जरा मातकट रंगाचे. ते चाळा, निवडा, धुवा, वाळवा यात दोन दिवस जायचे. यंदा पांढरेशुभ्र पॉलिशचे पाकिटातले आणले. गूळ करेली गावचाच, नेहमीचा. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालू आहे, अजून बायका यायच्या आहेत, वड्या पुन्हा कराव्याच लागतील. माझं भाजण्यात चुकलं की तीळच वाईट होते?

मुरारकर

वहिनी, डब्यात थोडे कच्चे तीळ उरले असतील तर आधी ते चिमूटभर चावून बघा. कच्चेच कडू लागले तर तुमची काही चूक नाही.

लष्करची_सून

आत्ताच बघितलं. कच्चे कडूच आहेत. थोडा जुन्या तेलाचा वासही येतोय, आधी लक्षात आला नव्हता. पाकिटावरची तारीख मात्र संपलेली नाही.

कृषी_निवृत्त

मग कोडं बरंचसं सुटलं. मी दतिया-शिवपुरीकडे शेतकी खात्यात नोकरी केली, तीळ हे आमच्या भागाचं खरिपाचं पीक, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिळात साधारण निम्मं तेल असतं. ४५ ते ५५ टक्के, वाणाप्रमाणे कमीजास्त. मुळात ‘तेल’ हा शब्दच तिळावरून आला, संस्कृतात तिळाचं ते तैल. एवढं तेल असूनही अख्खा, सालीसकट तीळ कोरड्या जागी बराच काळ टिकतो, कारण साल त्याला हवेपासून राखते आणि आतल्या सेसामिन, सेसामोलिन यांसारख्या द्रव्यांमुळे तेल लवकर बिघडत नाही. पॉलिशच्या तिळाची साल निघालेली असते. कारखान्यात तीळ भिजवून, घासून साल सोडवतात, धुतात, गरम हवेने वाळवतात. या सगळ्यात दाण्याला कुठे ना कुठे खरचटतं, तेल उघडं पडतं आणि खवट व्हायला लागतं. पाकीट गोदामात उन्हाळा-पावसाळा काढून संक्रांतीला दुकानात आलं असेल तर तारीख शिल्लक असूनही तीळ गेलेला असू शकतो. तुम्हाला आलेला वास त्याचाच.

कडूपणाचं दुसरं कारण सालीत असतं. सालीत कॅल्शियम ऑक्झलेट असतं, त्याने किंचित तुरट-कडवट चव येते. सालीसकट तीळ तुम्ही वर्षानुवर्षं खात आलात, त्यामुळे ती चव तुमच्या जिभेला ‘तिळाची चव’ म्हणूनच माहीत आहे. ती गुळात मिसळून जाते, खवट कडूपणा मिसळत नाही, मागे उरतो.

तिसरं कारण करपणं. पॉलिशचा तीळ पातळ अंगाचा, लवकर भाजतो. सालीच्या तिळाच्या अंदाजाने भाजलात तर तो पुढे निघून जातो.

बाड्याजवळची

सालीत सगळं कॅल्शियम असतं म्हणून आमची डॉक्टर सालीसकटच खा म्हणते. खरं का?

कृषी_निवृत्त

निम्मं खरं. सालीसकट तिळात १०० ग्रॅमला ९७५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम भरतं आणि साल काढल्यावर त्याचा साधारण दहावा भाग उरतो. पण सालीतलं पुष्कळसं कॅल्शियम ऑक्झलेटला बांधलेलं असतं, ते अंगी कमी लागतं. भाजून, कुटून खाल्लेलं बरं, अख्खे दाणे पुष्कळदा तसेच निघून जातात. हाडांसाठी तीळ जरूर खावेत, पण दूध सोडून नाही.

दालबाजार_आढत

माझ्या आजोबांपासून दाल बाजारात आढत आहे. वहिनींनी पांढऱ्या रंगाला भुलून माल घेतला, तसं आता सगळेच घेतात, म्हणून बाजाराची बाजू सांगतो.

आमच्याकडे त्याला कोणी तीळ म्हणत नाही, सगळे ‘तिल्ली’ म्हणतात. नवी तिल्ली कुवार-कार्तिकात (आश्विन-कार्तिकात) येते. भिंड, दतिया, शिवपुरी, पुढे झाशी, महोबा, टीकमगड, छतरपूर, हा सगळा ग्वाल्हेर-चंबळ ते बुंदेलखंडाचा पट्टा तिल्लीचा. लिलावात आम्ही मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, अंगठ्याने चोळतो, दाताखाली धरतो. चार गोष्टी पाहायच्या: दाणा भरलेला आहे का, माती-काडी किती, ओल किती आणि रंग एकसारखा आहे का. काढणीच्या वेळी पाऊस लागलेला माल काळपट पडतो, त्याला भाव कमी मिळतो. तो माल नंतर कुठे जातो हे ग्राहकाने विचारायला हवं. काही तेलाच्या घाणीला जातो आणि काहीची साल काढली की पुन्हा पांढरा दिसतो. सालीवर डाग लपत नाही, साल काढली की डाग निघून जातो पण दाण्याची तब्येत तीच राहते. सगळ्या पॉलिश मालाबद्दल मी असं म्हणत नाही. चांगले कारखाने पहिल्या प्रतीची तिल्लीच घेतात. पण पाकिटावर ‘कोणत्या मालाची साल काढली’ हे लिहिलेलं नसतं. साल असलेली तिल्ली स्वतःच सगळं सांगते.

सॉर्टेक्स झालेला साबूत माल आता किरकोळीतही मिळतो. यंत्र कॅमेऱ्याने दाणान् दाणा बघून वेगळ्या रंगाचा उडवून लावतं. निवडायला वेळ नसेल तर तो घ्या, साल शाबूत राहते.

दतियाची_लेक

आमच्या घरी तिल्ली पेरतात, शेताकडूनही कोणी लिहावं म्हणून लिहिते.

पीक दिसायला सोपं, करायला नाजूक. बी इतकं बारीक की हेक्टरी चार-पाच किलोच लागतं, ते वाळूत कालवून पेरतात म्हणजे दाट पडत नाही. पाणी दोन दिवस साचलं तर झाडं माना टाकतात, म्हणून उंचवट्याची, निचऱ्याची, हलकी जमीन तिल्लीला. आमच्याकडे बाजरीत मिसळूनही घेतात. ऐंशी-नव्वद दिवसांत येतं. खालची बोंडं पिवळी पडली की वरची हिरवी असतानाच कापावं लागतं, सगळी पिकायची वाट पाहिली तर खालची फुटून दाणे मातीत जातात. पेंढ्या बांधून उभ्या करून ठेवायच्या, वाळल्या की ताडपत्रीवर उलट्या धरून झटकायच्या. तो आवाज मला फार आवडतो, वाळूवर पाऊस पडल्यासारखा. आणि त्याच पंधरा दिवसांत खरा पाऊस आला तर वर्षाची मेहनत गेली.

एक रोग येतो त्यात फुलांच्या जागी पानांचे झुपकेच येतात, बोंडं धरतच नाहीत. तुडतुड्यांमुळे पसरतो. वडील तसं झाड दिसलं की उपटून लांब नेऊन जाळतात.

तरीही लोक तिल्ली पेरतात, कारण मोकाट गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. बुंदेलखंडात मोकाट गुरांनी रात्रीत शेत साफ केलेलं ज्याने पाहिलंय त्याला याचं मोल कळेल.

कृषी_निवृत्त

लेकीने लिहिलं ते तंतोतंत. झुपक्यांच्या त्या रोगाला मराठीत पर्णगुच्छ म्हणतात.

वाणांचं राहिलं. मध्य प्रदेशात टीकेजी नावाने सुरू होणारे वाण टीकमगडचे, त्यात टीकेजी-२२ बराच पसरला, पांढऱ्या दाण्याचा. जेटीएस-८ हाही पांढराच. महाराष्ट्रात अकोल्याचा एकेटी-६४, जळगावचे जेएलटी-७ म्हणजे ‘तापी’ आणि जेएलटी-४०८. राजस्थानात आरटी मालिका. काळ्यात गुजरातचा जीटी-१० नावाजलेला. देशभरच्या तीळ-संशोधनाचं समन्वय केंद्र आपल्या जबलपूरला आहे, हे इथल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

एवढं असून देशाचं सरासरी उत्पादन हेक्टरी पाच क्विंटलच्या आसपासच घुटमळतं. हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलमागे ९२६७ रुपये होता, २०२५-२६ ला ९८४६ झाला. ऐकायला मोठा आकडा, पण पाच क्विंटलने गुणा आणि त्यातून पावसाची जोखीम वजा करा.

नवीन_सभासद_०७

काळ्या तिळांचा विषय निघाला म्हणून विचारतो. श्राद्धाला काळे तीळ मागितले, तर दुकानदाराने लांबट, चकचकीत काळे दाणे दिले. गुरुजींनी बघून परत पाठवले. ते काय होतं?

बाड्याजवळची

लांबट आणि चकचकीत असतील तर ते कारळे. इथल्या दुकानात ‘रामतिल’ म्हणतात, नावात ‘तिल’ आहे म्हणून घोळ होतो. चटणीला उत्तम, तर्पणाला नाही. काळा तीळ चपटा, एका टोकाला निमुळता, थेंबासारखा आणि मंद रंगाचा असतो. कलौंजी म्हणजे कांद्याच्या बियांसारखी दिसणारी, तिला कोपरे असतात, ती तिसरीच.

दालबाजार_आढत

भर घालतो. काळी तिल्ली महाग, म्हणून रंगवलेली येण्याचा धोका असतो. ओल्या कापसावर चोळा. खऱ्या काळ्या तिळाचाही थोडा तपकिरी-जांभळट रंग उतरतो, तेवढ्याने घाबरू नका. पण कापूस लगेच शाईसारखा काळा झाला आणि दाणा फिका पडला तर माल परत करा. सगळे दाणे अगदी एकसारखे कुळकुळीत दिसत असतील तरी मला शंका येते. शेतातून आलेल्या काळ्या तिल्लीत थोडे करडे, तांबूस दाणे असतातच.

बडोद्याची_काकू

मी माहेरची ग्वाल्हेरची, जनकगंजातली, आता चाळीस वर्षं बडोद्यात. हा धागा वाचून राहवलं नाही.

इकडे थंडी पडली की जागोजागी घाणी लागते आणि ‘कचरियुं’ निघतं. तीळ आणि गूळ घाणीतच एकत्र चिरडतात, तेल सुटून सगळं ओलसर, दाट होतं. त्यात सुंठ, गंठोडा (पिंपळमूळ), खोबरं, सुका मेवा. काळ्या तिळाचं वेगळं, पांढऱ्याचं वेगळं. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला वाटलं की आपण तिळगुळाला उगीच पाकाच्या शिस्तीत बांधलं. इथे पाकच नाही! लष्करच्या सूनबाई, वडीची भीती बसली असेल तर घरी करून बघा: सालीसकट तीळ मंद भाजा, गार करा, मिक्सरला गुळाबरोबर थांबत थांबत फिरवा. तेल सुटेपर्यंत थांबलात तर बिघडायला काही नाहीच.

सौराष्ट्रात उन्हाळी तीळही होतात, त्यामुळे इथे बाजारात नवा माल दोनदा दिसतो. ऊंझ्याला जिऱ्यासारखाच तिळाचाही मोठा व्यापार आहे.

दालबाजार_आढत

काकू, ऊंझ्याचं नाव काढलंत तर निर्यातीचंही सांगतो. आपला तीळ बाहेर जातो दोन वाटांनी. साबूत आणि साल काढलेला. साल काढलेला बेकरीवाले घेतात, पावावर लावायला, ताहिनीला म्हणजे तिळाच्या वाटणाला. कोरियाची सरकारी संस्था टेंडर काढून साबूत तीळ खरेदी करते, तिथे भारताचा माल जातो आणि त्या टेंडरच्या बातमीने इथले भाव हलतात. उलट बाजूने आफ्रिकेचा तीळ आता आपल्याकडे येतो. गोदामात कोणता कुठला, हे जाणकारालाच कळतं.

२०२० साली मोठा धक्का बसला. सप्टेंबरात बेल्जियमला भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइडचे अंश सापडले. जंतू मारायला काही ठिकाणी हा वायू वापरतात, युरोपात अन्नावर त्याला बंदी आहे आणि तिळासाठी मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. ऑक्टोबरपासून युरोपात भारतातून येणाऱ्या निम्म्या खेपांची तपासणी लागू झाली, पावापासून बिस्किटांपर्यंत कितीतरी माल परत बोलावला गेला. त्यातून मी एक धडा घेतला. जंतू शेवटी मारण्यापेक्षा माल खळ्यावरच स्वच्छ ठेवावा. ताडपत्रीवर झटकलेल्या आणि मातीवर झटकलेल्या तिल्लीत तेव्हापासून मी भावात फरक करतो, शेतकऱ्याला तो आधीच सांगतो.

दतियाची_लेक

याबद्दल आभार, भाऊ. आमच्याकडे ताडपत्री घेतली ती असाच एका आढतीवर फरक मिळाला म्हणून.

रसायनवाले_सर

तीळ आणि तूप यांचा एक जुना संबंध इथे सांगण्यासारखा आहे. वनस्पती तूप आलं तेव्हा ते साजूक तुपात मिसळलं तर ओळखायचं कसं हा प्रश्न होता. म्हणून कायद्याने वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तिळाच्या तेलाला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल किंवा साखर लावली की गुलाबी-लाल रंग येतो. याला बोदुइन चाचणी म्हणतात. तुपात तो रंग दिसला की वनस्पतीची भेसळ पकडली. म्हणजे तिळाचं तेल तिथे खूण म्हणून घातलेलं. मी अकरावीच्या मुलांना दर वर्षी करून दाखवायचो, सगळ्या वर्गात याच प्रयोगाला पूर्ण शांतता असायची.

मुरारकर

गजकेचं कोणीच काढलं नाही? ग्वाल्हेरचा धागा आणि गजक नाही!

मोरेन्याच्या गजकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या गल्लीत हिवाळ्यात कारागीर बसतात, लहानपणापासून बघतोय. गुळाचा पाक थंड होत आला की भिंतीतल्या खुंटीवर टाकून ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा, तो तांबड्याचा सोनेरी आणि सोनेरीचा पांढुरका होतो. मग भाजलेल्या तिल्लीवर टाकून लाकडी हातोड्यांनी कुटायचा, दोघे तिघे ताल धरून. त्या ओढण्याने आणि कुटण्याने पदर सुटतात, म्हणून खस्ता, म्हणजे खुसखुशीत. हवेत दमटपणा आला की चिकट, म्हणून ती थंडीचीच.

वहिनींच्या प्रश्नाशी संबंध असा, की गजकवाले साल काढलेली, धुतलेली पांढरी तिल्लीच वापरतात आणि ती कडू होत नाही. त्यांची साल निघते त्याच आठवड्यात भाजून संपते. मला वाटतं दोष साल काढण्यात कमी, साल काढून ठेवून देण्यात जास्त.

कृषी_निवृत्त

हेच नेमकं. मी एवढं लांबवलं ते मुरारकरांनी एका ओळीत लिहिलं.

हलवा_दागिने

मी संक्रांतसणासाठी हलव्याचे दागिने करते. मला पॉलिशचे तीळ लागतातच, सालीच्या तिळावर काटा पांढरा दिसत नाही. कढई शेगडीवर अगदी मंद, एकतारी पाक चमचा-चमचा सोडायचा, बोटांनी हलवत राहायचं, बोटं पोळतात. एका घाण्याला दोन-तीन दिवस जातात. खवट तीळ निघाला तर एवढी मेहनत वाया, म्हणून मी दर वेळी दहा दाणे चावल्याशिवाय पाक चढवत नाही. आणल्यावर तीळ फ्रीजरमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात. उन्हाळाभर राहतात. काढल्यावर डबा लगेच उघडायचा नाही, गारवा जाऊ द्यायचा, नाहीतर दव धरतं.

परदेशातली_भाची

एक सूचना. मुलांच्या शाळेत तिळगूळ वाटणार असाल तर आधी विचारा. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा ॲलर्जीच्या मुख्य पदार्थांत नववा म्हणून धरला जातो. मी मुलाच्या वर्गात हलवा नेला नाही, तिळगुळाच्या कथेचं चित्र नेलं.

लष्करची_सून

सगळ्यांना एकदमच लिहिते. काल दाल बाजारात जाऊन दोन किलो सालीची तिल्ली आणली. दुकानातच दाणे चावले, तिथला मुलगा हसला, मग त्यानेच दुसऱ्या पोत्यातली काढून दिली. आज थोडी थोडी भाजली, मंद आचेवर. तडतडायला लागली की दोन बोटांत चुरून बघितली, चुरली की लगेच परातीत, गरम कढईत ठेवली नाही. पाकिटातले तीळ टाकून दिले.

वड्या छान झाल्या. रंग जुनाच, मातकट.

बडोद्याची_काकू

सासूबाईंनी काय केलं?

लष्करची_सून

आज सकट चौथ, म्हणजे आपली संकष्टी. शेजारच्या भाभीने तिलकुटाचा, म्हणजे कुटलेल्या तीळगुळाचा, बकरा केला होता, तिच्या मुलाने तो कापला, प्रसाद आमच्याकडे आला. सासूबाईंचा उपास. त्यांनी दोन वड्या पदरात बांधून ठेवल्यात, चंद्र निघाल्यावर खाईन म्हणाल्या. इथे आभाळ आहे, मी दर दहा मिनिटांनी गच्चीवर जाऊन येतेय.